जुना पंप, नवा पंप

इथे अमेरिकेत डिझेल पिकअपवाल्यांच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या डॉज रॅममधलं कमिन्सचं ५.९ लिटरचं इंजिन दणकट. पण त्यावरचा व्हीपी-४४ हा इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पंप काढून, त्याआधीच्या १९९४-९८ च्या ट्रकमधला पी-७१०० हा मेकॅनिकल पंप बसवावा का? माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या डोक्यात सध्या हेच खूळ आहे. "अरे, नवं काढून जुनं?" एवढंच मी विचारलं, तर साहेब तासभर बोलत होते! मग मीही थोडं वाचलं आणि माझंही एक मत तयार झालं. मत फुकट असतं, म्हणून देऊन टाकतो.

आधी पंपांबद्दल. पी-७१०० मध्ये सहा सिलिंडरना सहा प्लंजर, एका ओळीत. वंगण इंजिनच्याच ऑइलचं. आपल्याकडच्या जुन्या टाटा ट्रकवरचा 'मायको पंप' आठवतोय? हायवेला 'पंप-नोझल' अशी पाटी लावलेल्या दुकानात ज्याची उस्तवार चालायची तोच. पी-७१०० त्याच जातीचा, पण चांगलाच दांडगा. व्हीपी-४४ ला मात्र वंगण आणि थंडावा दोन्ही डिझेलच देतं. टाकीतून डिझेल ओढून आणणारा छोटा लिफ्ट पंप अशक्त झाला की हा मोठा पंप झिजतो. शिवाय त्याच्या डोक्यावर इलेक्ट्रॉनिक्सचा डबा. तो गेला तरी ट्रक जागेवर उभा. गंमत म्हणजे दोन्ही पंप बॉशचेच! तेव्हा 'जुनं ते सोनं' हे भाषण इथे चालत नाही.

आता हा बदल म्हणजे नुसता पंप काढून पंप लावणं नव्हे. पुढची गिअरची केसिंग, पंपाचा गिअर, इंजेक्टरच्या नळ्या, ॲक्सिलरेटरची जोडणी, इंजिन बंद करायची सोय, सगळंच बदलावं लागतं. लिफ्ट पंपही जास्त दाबाचा हवा. पंपाचा गिअर निमुळत्या शाफ्टवर नुसता घट्ट आवळलेला असतो. तिथे तेलाचा अंश राहिला तर तो सरकतो आणि टायमिंग बिघडतं. आणि जुन्या पंपाचं टायमिंग एकदा बसवलं की तेच. वेग आणि भार पाहून ते मागेपुढे करायची व्हीपी-४४ ची हुशारी आपण फेकून देतो.

म्हणून माझं मत: रोग डिझेलच्या पुरवठ्याचा असेल तर ऑपरेशन हृदयाचं कशाला? चांगला लिफ्ट पंप बसवा, डिझेलचा दाब दाखवणारा काटा डॅशबोर्डवर लावा, आणि त्याच्याकडे बघत चला. यात पैसे कितीतरी कमी लागतात. शिवाय कायदा आहेच. प्रदूषणाच्या दृष्टीने प्रमाणित झालेल्या गाडीतली यंत्रणा निकामी करण्याची बंदी १९९० च्या दुरुस्तीपासून सामान्य मालकालाही लागू आहे. काळ्या धुराचे लोट सोडायची हौस म्हणून कुणी हे करत असेल, तर त्याच्याबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. मागच्या गाडीतही माणसंच असतात.

पण सहकाऱ्याच्या एका वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. तो म्हणाला, "माझ्या ट्रकला काय झालंय ते मला माझ्या डोळ्यांनी बघता आलं पाहिजे." पी-७१०० वर तो पाना लावू शकतो. डबाबंद इलेक्ट्रॉनिक्सपुढे तो फक्त पाकीट उघडू शकतो. कोलोरॅडोत २०२३ साली शेतकऱ्यांना आपली यंत्रं दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा झाला, त्यामागेही हीच तगमग होती. पंप बदलणं हा मला चुकीचा उपाय वाटतो, पण तक्रार खरी आहे. जी वस्तू मालकाला उघडून दुरुस्त करता येत नाही, ती खरंच त्याच्या मालकीची असते का?

असो. तुम्हाला काय वाटतं?