तबकडी शाबूत, यंत्र मात्र थकले

परवा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून बुटांचा एक खोका खाली आला. आत बूट नव्हते, तबकड्या होत्या. धाकट्या बहिणीचे लग्न, २००३ च्या कुंभमेळ्यातली रामकुंडावरची गर्दी, आणि एकीवर आईच्या अक्षरात लिहिलेले ‘भोंडला’. आईला जाऊन सहा वर्षे झाली. तिचा आवाज आता एवढ्या एकाच तबकडीत उरला आहे. डीव्हीडी प्लेअर लावला. तो जरा घरघरला आणि पडद्यावर अक्षरे उमटली, ‘नो डिस्क’.

एखाद्या सिनेमाची विकत घेतलेली तबकडी मात्र त्याच प्लेअरवर ठणठणीत चालली! घरात एकमताने निकाल लागला, आईची तबकडी खराब झाली. मेन रोडच्या एका बोळातल्या मेकॅनिकने तो निकाल फिरवला. ‘काका, डिस्क चांगली आहे. तुमची लेन्स गेली.’

हे लोक ज्याला ‘लेन्स’ म्हणतात तो एक अख्खा सुटा भाग असतो. त्यात लेसर असतो आणि बारीक तारांवर तरंगणारे इवलेसे भिंग असते. डीव्हीडीवरच्या दोन रेघांमधले अंतर पाऊण मायक्रॉनही नसते, म्हणजे केसाच्या जाडीत शंभरच्या आसपास रेघा मावतात. तबकडी फिरताना किंचित डोलते आणि भिंगाला क्षणोक्षणी वरखाली होत ती रेघ धरून ठेवावी लागते. त्यावर धूळ बसते, वापराने लेसरही मंदावतो. छापील तबकडीवरच्या खुणा ठसठशीत असतात, घरी भरलेल्या तबकडीवरच्या त्या मानाने फिक्या. म्हाताऱ्या लेसरला आधी फिके दिसेनासे होते, आणि आपण दोष देतो तबकडीला. (ऊन लागून तबकड्याही खराब होतात, हे खरेच. पण आमची तर काळोखात होती.)

कधी कधी तर लेन्सही ठीक असते. ट्रे सरकवणारा रबरी पट्टा सैल पडतो, ग्रीस सुकते. आपल्या नाशिकच्या जानेवारीतल्या थंडीत तर ट्रे बाहेर यायलाच तयार नसतो. एवढ्याशा पट्ट्यापायी किती यंत्रे भंगारात गेली असतील! कंपनीच्या सेवा केंद्रात मला एकच उत्तर मिळाले, ‘पार्ट येत नाहीत, नवीन घ्या.’ हा उद्धटपणा आहे, असे मी म्हणतो. यंत्र विकणाऱ्याने त्याचे सुटे भाग काही वर्षे तरी पुरवलेच पाहिजेत. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिच्या विचारात मोटारी, मोबाईल, शेतीची अवजारे आणि घरगुती उपकरणे होती. माळ्यावरच्या प्लेअरला त्याचा उपयोग होईल, अशी आशा मी धरलेली नाही.

दादासाहेब फाळके १८७० साली इथलेच, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले. त्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच आज उरला आहे. पण फिल्मचा तुकडा उजेडात धरला तर डोळ्यांना चित्र दिसते. तबकडी उजेडात धरली तर फक्त इंद्रधनुष्य दिसते. यंत्र गेले की ती मुकीच. आणि हार्ड डिस्कवर उतरवून निश्चिंत झालेल्यांनीही जपावे. तिथे चकती मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तिच्यावर मीटरच्या काही अब्जांश अंतरावरून हेड फिरते. लेसर निदान कुरकुर करत थकतो, ही बया एखाद्या सकाळी न सांगता जाते. म्हणून मी दोन प्रती केल्या. एक माझ्याकडे, दुसरी बहिणीकडे.

मेकॅनिकने एका भंगारातल्या प्लेअरची लेन्स काढून आमच्यात बसवली. संध्याकाळी सगळे जमलो. तिसऱ्या गाण्यात आई ओळ विसरते, कुणीतरी मागून ती सांगते, आणि आई पदर तोंडाला लावून हसते. एवढा भाग नातीने चारदा मागे नेऊन लावला.