आधी सुधारणा की आधी सभा?

“नगरसेवक नव्हते तेच बरे होते, निदान कामे तरी झाली!” हे उद्गार गेल्या काही वर्षांत पेढीवर, कोर्टाच्या आवारात आणि आगगाडीच्या डब्यात आमच्या कानी वारंवार पडले आहेत. बोलणारे लोक काही लोकशाहीचे वैरी नव्हेत. नियमितपणे कर भरणारे, खड्ड्यांनी त्रासलेले आणि सभागृहातील गोंधळास विटलेले असे ते सभ्य गृहस्थ आहेत. म्हणूनच त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. नगरसुधारणेचा कैवार घेणाऱ्या आमच्यासारख्यांस तर या प्रश्नाचे उत्तर देणे विशेषेकरून प्राप्त आहे. कारण येथे लोकसत्तेवर घाला पडतो तो सुधारणेच्याच नावाने पडतो.

प्रथम वस्तुस्थिती काय घडली ती पाहू. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली, त्याच महिन्यात पुण्याचीही संपली, आणि दोन्हीकडे सरकारने नेमलेले प्रशासक बसले. त्यानंतर राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. म्हणजे जवळजवळ चार वर्षे मुंबईसारख्या नगरीस स्वतःची सभा नव्हती. या काळात तिचा अर्थसंकल्प २०२३-२४ साली सुमारे ५२,६०० कोटी, २०२४-२५ साली सुमारे ६०,००० कोटी आणि २०२५-२६ साली ७४,४०० कोटी रुपयांवर गेला. सुमारे ४०० किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करण्याचे सुमारे ६,००० कोटींचे ठेकेही याच काळात दिले गेले. कायद्याप्रमाणे आयुक्ताने खर्च सुचवावा, स्थायी समितीने तो तपासावा आणि सभेने त्यास मान्यता द्यावी. येथे आयुक्त तोच प्रशासक! सुचविणारा तोच, तपासणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. जमाखर्च लिहिणाऱ्या मुनिमानेच तो तपासून त्यावर मालकाची सही करावी, ही रीत आमच्या व्यापारी वाचकांपैकी कोणी आपल्या दुकानात चालू देईल काय? मुनीम प्रामाणिक असेलही. परंतु त्याचा प्रामाणिकपणा हा काही हिशेबतपासणीचा पर्याय नव्हे.

आता कायद्याचे पाहू. १९९३ सालापासून अमलात असलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची ठरविली आहे, ‘त्याहून अधिक नाही’ असे स्पष्ट बजावले आहे आणि ती मुदत संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे असा दंडक घातला आहे. २००६ साली अहमदाबादच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ निःसंदिग्धपणे सांगितला. इतके असूनही आमच्याकडे काय झाले? इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणास मोजणीचा आधार हवा, असे न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये सांगितले. तो आधार वेळीच जमविण्यात आला नाही. मग मुंबईचे प्रभाग २२७ वरून २३६ करण्यात आले. सरकार बदलताच ते पुन्हा २२७ झाले. आणि त्या वादातून नवे दावे उभे राहिले. अखेरीस मे २०२५ मध्ये न्यायालयाने निवडणुका घेण्याचा हुकूम दिला तेव्हा चक्रे हलली. मागासवर्गीयांचा हक्क न्याय्य आहे याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु त्या हक्काची तयारी न करणे हा सरकारचा आळस, आणि त्या आळसाचे प्रायश्चित्त मात्र नागरिकांस! या दोषाचे वाटेकरी एकाच पक्षाचे नाहीत. त्या काळात जे जे अधिकारावर होते, त्या सर्वांच्या माथी तो आहे.

“पण कामे झाली ना?” या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्याच इतिहासात सापडते. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार एका आयुक्ताच्या हाती आला आणि पहिले आयुक्त झाले ऑर्थर क्रॉफर्ड. गृहस्थ मोठे तडफदार. त्यांनी गटारे व रस्ते स्वच्छ केले, मंडई उभारली, शहराचे आरोग्य सुधारले. परंतु त्यांच्या खर्चावर खरी देखरेख करणारे कोणी नव्हते. जस्टिस ऑफ दि पीस मंडळींची सभा होती. ती लोकांनी निवडलेली नव्हती. तिजोरी खाली झाली, करांचा बोजा वाढला आणि १८७१ साली करदात्यांत मोठा क्षोभ उसळला. त्या गदारोळात अवघ्या सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी फ्रामजी कावसजी सभागृहात एक निबंध वाचला. अंमलबजावणीची सत्ता एका कर्तबगार अधिकाऱ्याच्या हाती असणे यात वावगे काहीच नाही. वावगे हे की त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या सभेचा वचक नाही, असा त्यांचा मुद्दा होता. श्रोत्यांस तो त्या दिवशी रुचला नाही. परंतु १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडावे असे ठरले आणि १८८८ च्या कायद्याने तो पाया पक्का केला. त्याच १८८८ च्या कायद्यावर आजही मुंबईचा कारभार चालतो. आयुक्ताचा हात आणि सभेचा डोळा अशी ती रचना आहे. यांपैकी डोळा काढून घेतला म्हणजे हात अधिक चपळ होतो, हे कबूल. पण तो कोठे पडतो हे मग कोणी पाहावयाचे?

दुसरे उदाहरण सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे. १८९६ साली मांडवीत प्लेग दिसला आणि दोनच वर्षांनी हा ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही त्याची कामे आजही उपयोगी पडत आहेत. परंतु ट्रस्टच्या चौदा विश्वस्तांत महापालिकेने निवडलेले अवघे चार होते. नागपाड्यासारख्या वस्त्यांतील चाळी पडल्या, त्या मानाने गरिबांची नवी घरे उभी राहिली नाहीत आणि एका गल्लीतून उठविलेली माणसे शेजारच्या गल्लीत अधिक दाटीने राहू लागली. रस्ता रुंद झाला खरा, पण ज्याची खोली गेली त्यास विचारणारे कोणी नव्हते. पुढे १९३३ साली ट्रस्टचे काम महापालिकेकडेच आले. ज्यांच्यासाठी सुधारणा करावयाची त्यांनाच बाहेर ठेवले, तर सुधारणेचा लाभ एकाच्या पदरी आणि तिची किंमत दुसऱ्याच्या माथी पडते, हा त्यातला धडा.

तिसरे उदाहरण पुण्याचे. जोतीराव फुले हे १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेही सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने पैसा खर्चावा असा ठराव आला तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. ठराव अडला नाही. पण तो विरोध आजही लोकांच्या स्मरणात आहे. नेमलेल्या सभेतसुद्धा ‘नाही’ म्हणावयास एक खुर्ची होती. प्रशासकाच्या दालनात तीही नव्हती. मुंबईच्या ज्या मंडईस क्रॉफर्डचे नाव होते, तिला आज याच जोतीरावांचे नाव आहे. खर्च करणारा आणि खर्चास हरकत घेणारा, शहरास दोघेही हवेत, हे त्या एका इमारतीच्या दोन नावांनी सांगितले आहे.

नगरसेवकांत लबाड आहेत, ठेकेदारांचे सोयरे आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु लबाड नगरसेवकास पाच वर्षांनी घरी बसविता येते. प्रशासकाची बदली मात्र मंत्रालयातून होते, प्रभागातून नव्हे. २०२३ साली उपनगरांच्या पालकमंत्र्यांची कचेरी महापालिकेच्या मुख्यालयातच उघडली, तेव्हा प्रशासकाची मान कोणत्या दिशेस वळणार हे निराळे सांगावयास नको होते. शिवाय २०११ पासून राज्यात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सभा नव्हती म्हणजे शंभरांहून अधिक स्त्रियांचा आवाजही त्या चार वर्षांत शहराच्या कारभारात नव्हता. पाण्याची वेळ, शौचकूप, प्रसूतिगृह या गोष्टी स्त्रियांइतक्या कोणास ठाऊक?

तेव्हा आमच्या मते तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. एक, बरखास्त पालिकेची निवडणूक सहा महिन्यांच्या आत व्हावी अशी घटनेची आज्ञा आहे; मुदत संपलेल्या पालिकेवरही प्रशासक त्याहून अधिक काळ राहू नये आणि त्या अवधीत त्याने चालू कामांखेरीज नवे मोठे ठेके देऊ नयेत, असा स्पष्ट कायदा विधिमंडळाने करावा. दोन, निवडून आलेल्या सभांनी मार्च २०२२ पासूनच्या प्रत्येक मोठ्या ठेक्याचा हिशेब प्रभागवार छापून लोकांपुढे ठेवावा. त्यात सूडबुद्धी नको, पण भीडही नको. तीन, नागरिकांनी आपला वाटा उचलावा. २०१७ साली मुंबईत शंभरांपैकी सुमारे पंचावन्न जणच मतदानास गेले होते. बाकीच्या पंचेचाळिसांस खड्ड्याविषयी तक्रार करण्याचा अधिकार आहे. परंतु ‘सभा नसली तरी चालेल’ असे म्हणण्याचा अधिकार आहे काय, याचा त्यांनी स्वतःशीच विचार करावा.

आधी सुधारणा की आधी सभा, हा वादच मुळी खोटा आहे. विचारून केलेला रस्ता चार महिने उशिरा होईल. न विचारता केलेला रस्ता कदाचित लवकर होईल, पण तो चुकला तर जाब कोणास विचारावा हे कोणासच ठाऊक नसते. शहर हे काही प्रशासकाने चांगले ठेवावे असे सरकारी विश्रामगृह नव्हे. ते आपले घर आहे, आणि घराचा कारभार घरच्यांस विचारूनच झाला पाहिजे.