आंग्रिया बँकेचा बंदोबस्त

साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव लाभलेले, विजयदुर्गापासून सुमारे 105 किलोमीटर पश्चिमेस, पाण्याखाली वीसेक मीटरांवर प्रवाळांनी व मत्स्यकुळांनी बहरलेले आंग्रिया बँक हे जलमग्न पठार बारा सागरी मैलांच्या हद्दीपलीकडे असल्याने, 1987 साली मालवणास लाभलेल्या सागरी अभयारण्याचा दर्जा त्यास देणे राज्य सरकारच्या अखत्यारीत नाही. तळ खरवडणारे ट्रॉलरचे जाळे शतकांची प्रवाळरचना एका फेरीत उद्ध्वस्त करते. म्हणून 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्यान्वये केंद्रानेच, मच्छीमारांना विश्वासात घेऊन, त्याच्या संरक्षणाची तजवीज करणे अगत्याचे आहे. चांदोलीच्या अरण्यासाठी ज्या मुलखातील गावांनी घरदार सोडले, ज्याच्या कोयनेचे पाणी वीज देऊन वाशिष्ठीवाटे अरबी समुद्रास मिळते, त्या सातारा-सांगलीच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत लावून धरावा.