मूत्रांतील खुणा व बालकाचे प्राण

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहानशी अधिवृक्क ग्रंथि असते. जीविताला अवश्य असा कॉर्टिसॉल नांवाचा अंतःस्राव ती कोलेस्टेरॉलपासून पायरीपायरीनें घडविते, व प्रत्येक पायरीस एकेक विकर राबत असतें. त्यांतील एखादें जन्मतःच दुबळें असलें म्हणजे वाट अडते. आणि पाटाचें अडलेलें पाणी शेजारच्या वाफ्यांत शिरावें, तसा तुंबलेला माल पौरुषजनक स्रावांकडे वळतो. अशा मुलीचीं बाह्य इंद्रियें जन्मतः मुलासारखीं भासूं शकतात.

नेपल्स येथील डी क्रेक्किओ ह्यांनीं १८६५ सालीं, पुरुष म्हणून आयुष्य कंठलेल्या एका मृत व्यक्तीच्या शरीरांत गर्भाशय व फार मोठ्या झालेल्या अधिवृक्क ग्रंथि आढळल्याचें नमूद केलें. पुढें १९३७ सालीं बटलर व मेरियन ह्यांनीं अशा रुग्ण स्त्रियांच्या मूत्रांतून प्रेग्नेनट्रायॉल हें द्रव्य वेगळें काढलें. स्रावांचे अवशेष मूत्रावाटें बाहेर पडतात; ते मोजले कीं शरीरांतील कोणती पायरी मोडली तें उमगतें. १९५० च्या सुमारास अमेरिकेंत विल्किन्स प्रभृतींनीं कॉर्टिसोन देऊन हा अतिरेक आवरतां येतो असें दाखविलें. १९७४ सालीं डॉमिनिकन प्रजासत्ताकांतील ज्या मुलांचा वेगळाच दोष प्रसिद्ध झाला, तोही मूत्रांतील दोन प्रकारच्या अवशेषांच्या प्रमाणावरून ओळखतां येतो. आज एकाच नमुन्यांतील डझनावारी अवशेष यंत्रानें मोजले जातात.

हें सारें आमच्या वाचकांपुढें मांडण्याचें कारण निराळेंच आहे. ह्या रोगाच्या तीव्र प्रकारांत मीठ राखणारा अल्डोस्टेरोन हा स्रावही पुरेसा होत नाहीं. मग जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांच्या आंतच मूल वांत्या करूं लागतें, मलूल होतें, त्याचें वजन घटतें. मुलाच्या शरीरावर बहुधा कोणतीही खूण दिसत नाहीं. म्हणून घरांत दृष्ट काढतात, घुटी बदलतात, आणि तेवढ्यांत मूल हातचें जातें. वस्तुतः टांचेच्या रक्ताच्या थेंबावरून ही परीक्षा होऊं शकते, हें १९७७ सालींच सिद्ध झालें आहे. वेळीं औषध मिळाल्यास असें मूल इतरांसारखें वाढतें. मात्र तें औषध जन्मभर चालवावें लागतें, व ज्वरादि प्रसंगीं वैद्यांच्या सल्ल्यानें वाढवावें लागतें.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. हा दोष आई व बाप ह्या दोघांकडून एकेक अंश आल्यावांचून प्रकट होत नाहीं. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव चारांत एक असतो. तेव्हां एकट्या सुनेस बोल लावणें हा शुद्ध अन्याय होय. मामाची मुलगी करण्याची चाल ज्या घराण्यांत आहे, त्यांनीं तर हा विचार विशेष करावा. मुलाचें लिंग संदिग्ध वाटल्यास लपवूं नये, घाईनें नांवही ठेवूं नये. प्रथम परीक्षा करवावी. लोकलज्जेपेक्षां बालकाचे प्राण मोलाचे आहेत, हें घरांतील वडील मंडळींनींच आधीं मनावर घ्यावें.