तांबोराची राख आणि आपला इतिहास

होटगी स्थानकाच्या फलाटावरून नजर टाकली तर चहूकडे काळी जमीन दिसते. ही माती ज्या खडकाची झीज होऊन तयार झाली, तो बेसाल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहत आलेला आणि थरावर थर साचत गेलेला लाव्हा. म्हणजे ज्वालामुखीच्याच पाठीवर आपण ज्वारी पेरत आलो आहोत. तरीही ‘ज्वालामुखी’ हा शब्द आपल्या साहित्यात येतो तो बहुधा रूपक म्हणून: संतापाचे, बंडाचे, दडपलेल्या वासनेचे. खराखुरा ज्वालामुखी आपल्या इतिहासात कुठे बसतो, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही.

तो विचारण्यास एक सबळ निमित्त आहे. 10 एप्रिल 1815 रोजी आजच्या इंडोनेशियातील सुंबावा बेटावरच्या तांबोरा पर्वताचा महास्फोट झाला. उद्रेकांच्या आठ अंशांच्या मोजपट्टीवर तो सातव्या अंशाचा. शास्त्रज्ञ ज्याला ‘महाज्वालामुखी’ म्हणतात त्याहून एकच पायरी खाली. पाच दिवस आधी झालेल्या पहिल्या स्फोटाचे आवाज जावा बेटावरच्या इंग्रजांना तोफांचे वाटले आणि त्यांनी सैन्य हलवले. पर्वतातून उसळलेल्या गंधकयुक्त वायूंपासून वातावरणाच्या वरच्या थरात सूक्ष्म कणांचे आवरण तयार झाले, ते जगभर पसरले आणि ऊन मंदावले. 1816 साली पश्चिम युरोप आणि ईशान्य अमेरिका यांना उन्हाळा दिसलाच नाही. जीनिव्हा सरोवराकाठी पावसाने घरात कोंडलेल्या मंडळींत भुताखेतांच्या गोष्टी रचण्याची पैज लागली आणि तीतून मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ जन्मली. इंग्रजी विभागात इतके बहुतेकांना शिकवले जाते.

‘फ्रँकेन्स्टाइन’ प्रसिद्ध झाली ती 1818 मध्ये. मराठी विभागात 1818 या सालाचा अर्थ वेगळा आहे. त्याच वर्षी 20 फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले, मे महिन्यात मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला आणि जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली. आष्टी आणि सोलापूर ही दोन्ही ठिकाणे होटगीहून दूर नाहीत. एकाच सालाची ही दोन पाने आपण दोन वेगळ्या तासिकांना उघडतो. त्यांच्यामध्ये एखादा धागा असेल अशी शंकाही येत नाही.

गिलन डार्सी वुड या अभ्यासकाने 2014 साली तांबोरावर लिहिलेल्या ग्रंथात असा एक धागा सुचवला आहे. उद्रेकानंतर भारतातील मोसमी पाऊस विस्कटला; अवर्षण आणि अतिवृष्टी यांच्या या फेऱ्यात बंगालच्या खाडीमुखातल्या पटकीच्या जंतूला अनुकूल परिस्थिती मिळाली, असे त्याचे प्रतिपादन. हे अनुमान आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. मात्र 1817 च्या ऑगस्टमध्ये जेसोरला पटकीची मोठी साथ उसळली, हे निश्चित. त्या नोव्हेंबरात पेंढारी आणि मराठे यांच्यावर निघालेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या बुंदेलखंडातील छावणीत ती शिरली आणि थोड्या दिवसांत हजारो माणसे दगावली. आपण मेलो तर तंबूतच गुपचूप पुरावे, शत्रूला कळू देऊ नये, अशी व्यवस्था हेस्टिंग्जने करून ठेवली होती असे सांगतात.

येथे जर-तरचा मोह अनावर होतो. आपत्तीने राज्य बुडाले असे म्हणणे सोयीचे असते. त्यात कोणाचाच दोष उरत नाही. परंतु पुरावा उलट दिशेला जातो. तांबोराचा आणि साथीचा संबंध खरा मानला, तर तडाखा बसला तो इंग्रजांच्या मुख्य छावणीला. ज्वालामुखीने मराठ्यांना बुडवले नाही. झालेच तर संधी दिली. ती वाया का गेली याचे उत्तर आकाशात नाही. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीला पेशव्यांच्या फौजा इंग्रजांवर चालून गेल्या; नेमक्या त्याच दिवशी दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या तहावर सही केली. साथ त्यानंतर काही दिवसांनी छावणीत पोचली. आपसांत फुटलेल्या सत्तांना शत्रूच्या छावणीतला मृत्यूही उपयोगी पडला नाही.

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा या संदर्भात आठवते. विश्वासरावांना लागणारी गोळी चुकते आणि सारा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. एका गोळीएवढ्या कारणाचा प्रचंड परिणाम, ही त्या कथेतील कल्पना. तांबोराचे गणित नेमके उलटे आहे. कारण प्रचंड, पण परिणाम असंख्य अनाम आयुष्यांत वाटला गेलेला. गोळीला नेम असतो, म्हणून तिची कथा होते. राखेला नेम नसतो. तिची कथा कशी लिहावी हे आपल्याला अजून उमगलेले नाही.

होटगीला याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. येथून विजापूरमार्गे गदगकडे जाणारा लोहमार्ग 1880 च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने टाकला, तो 1876–78 च्या दुष्काळानंतर दुष्काळनिवारणाचा मार्ग म्हणून. त्या दुष्काळात पाऊस हुकला तो निसर्गामुळे. माणसे मेली ती मात्र केवळ पावसाअभावी नव्हेत. मदतकामावरची मजुरी किती, धान्य कुठे जाते, सारा माफ होतो की नाही, यावरही जगणे अवलंबून होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली, ती याच जाणिवेने. आपत्तीचा भाग कोणता आणि राज्यकर्त्यांचा कोणता, असा हिशेब मागण्याची ती रीत होती. आज हवामानबदलाच्या नावाखाली प्रत्येक पूर आणि प्रत्येक अवर्षण ‘नैसर्गिक’ म्हणून खात्यावर टाकले जात असताना ती रीत विसरणे परवडणारे नाही.

मग मराठीने त्या साथीचे काहीच लिहून ठेवले नाही काय? बखरींच्या दृष्टीला राजे आणि लढाया दिसतात; गावकुसाबाहेरचे मरण सहसा दिसत नाही. पण बखर हीच एकमेव वही नव्हे. पटकी आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा, पोतराजाने अंगावर आसूड ओढायचा, ही रीतही एक नोंदच आहे. ती कागदावर नाही, देहावर आहे. आणि ती ज्यांनी वाहिली त्यांना आपण उशिरापर्यंत लेखक मानलेच नाही.

जीनिव्हाकाठच्या घरात कोंडलेल्यांना वेळ होता, कागद होता, वाचक होता. शिवेवर गाडा ओढणाऱ्यांकडे यांपैकी काहीच नव्हते. दोन्हीकडचे भय कदाचित एकाच राखेतून आले असेल. तौलनिक साहित्याच्या वर्गात ‘फ्रँकेन्स्टाइन’ शिकवताना शेजारी मरीआईचा गाडाही ठेवावा, इतकीच अपेक्षा. पेशवाई तरली असती काय, हा प्रश्न त्यानंतर विचारला तरी चालेल.