एकाच सामन्याचा खेळाडू

आपल्याकडे खेळाडूची किंमत आकड्यांवरून ठरते. किती सामने, किती धावा, किती बळी! या हिशेबाने रमाकांत आचरेकरांच्या खात्यावर काय दिसते? प्रथम दर्जाचा अवघा एक सामना. १९६३-६४च्या हंगामात मोईनुद्दौला स्पर्धेत ते स्टेट बँकेकडून खेळले, तेवढेच. बँकेत हयात घालवलेला माझ्यासारखा माणूस अशा खात्यावर ‘व्यवहार नाही’ असा शेरा मारून मोकळा होईल.

पण १९३२ साली जन्मलेल्या या मालवणी माणसाने आपली सारी ठेव दुसऱ्यांच्या नावे केली. बँकेची नोकरी सांभाळून त्यांनी शिवाजी पार्कवर मुले घडवली. रीत जगावेगळी. नेटमधल्या सरावापेक्षा प्रत्यक्ष सामन्यांवर भर. शाळकरी सचिनला स्कूटरवर बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवत. जो बाद करील त्याचे नाणे, नाबाद राहिला तर सचिनचे. अशी १३ नाणी त्याने मिळवली आणि जपली. ‘छान खेळलास’ असे सर कधीच म्हणाले नाहीत, हेही त्यानेच २०१३ मध्ये वानखेडेवर निरोप घेताना सांगितले.

सरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पद्मश्री. २ जानेवारी २०१९ रोजी ते गेले. ठेव मात्र वाढतेच आहे. त्यांचे शिष्य चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. आमच्या हिंगोली जिल्ह्याची शीव ओलांडली की वाशीम आणि यवतमाळ, म्हणजे विदर्भच. शिवाजी पार्कवरच्या ठेवीचे व्याज असे आमच्या उंबऱ्यापर्यंत आले.

कोणी म्हणेल, मुंबईची गोष्ट वेगळी. तिथे मैदाने, शालेय स्पर्धा, बँकांचे संघ. खरेच आहे. १९९९ मध्ये जिल्हा झालेल्या हिंगोलीकडे ती पुण्याई नाही. म्हणून खेळाचा विषय निघाला की आपण क्रीडासंकुल आणि निधी यांवरच बोलतो. ते हवेच. पण भिंती मुले घडवत नाहीत. रोज ठरल्या वेळी मैदानावर येणारा, मुलांची नावे ठाऊक असलेला माणूस घडवतो.

असा माणूस आपल्या गावातही असेल. कबड्डीत, कुस्तीत, खो-खोत एखादाच सामना गाजवून थांबलेला. पालकांनो, त्याची पदके मोजू नका. शाळेचे मैदान त्याच्या हाती द्या आणि खेळाच्या तासाला गणित घेऊ नका.