परवाना भिंतीवर आहे, फार्मासिस्ट कुठे आहे?

मेडिकलमधून औषध घेणाऱ्या प्रत्येकासाठी



तुमच्या गल्लीतल्या मेडिकलच्या भिंतीवर दोन-तीन चौकटी टांगलेल्या असतात. एका चौकटीत दुकानाचा परवाना, दुसरीत फार्मासिस्टचे नोंदणी प्रमाणपत्र. पुढच्या वेळी गेलात की प्रमाणपत्रावरचे नाव वाचा आणि समोर औषध काढून देणाऱ्याला त्याचे नाव विचारा. बऱ्याच ठिकाणी ही दोन नावे जुळणार नाहीत. चौकटीतला माणूस एखाद्या कंपनीत नोकरीला असेल, औषध कंपनीचा एमआर म्हणून फिरत असेल, किंवा मुलगी असली तर लग्न होऊन परजिल्ह्यात गेली असेल. प्रमाणपत्र तेवढे इथे कामावर असते, महिन्याच्या भाड्याने. आमच्या धंद्यात त्याला 'सर्टिफिकेट लावले आहे' म्हणतात, आणि म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही.

हे पत्रक काढणारे आम्ही याच धंद्यातले, नोंदणीकृत फार्मासिस्ट आहोत. घरचे उणे चव्हाट्यावर कशाला, असे आम्हाला विचारले जाईल. घरात सांगून झाले, म्हणून चव्हाट्यावर.

कायदा काय म्हणतो ते आधी ऐका. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ सांगते की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी देऊ नये. १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ म्हणतो की चिठ्ठीवरची विक्री फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावी. मालक अनुभवी असून भागत नाही. वीस वर्षे काउंटरवर काढलेला पोऱ्या असला तरी भागत नाही. कलम ४२ मोडण्याची शिक्षा होती सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड. हे हजार रुपये पाऊणशे वर्षे जागचे हलले नाहीत. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने दंड दोन लाखांपर्यंत नेला आणि कैद तीन महिन्यांवर आणली. कागदावर बरे झाले. पण खटला भरायला आधी कुणीतरी दुकानात जाऊन बघावे लागते.

'गोळी तर पाकीटबंद कंपनीतून येते, ती उचलून द्यायला पदवी कशाला?' हा प्रश्न मालकही विचारतात आणि गिऱ्हाईकही. उत्तरादाखल एकच औषध घ्या, मेथोट्रेक्सेट. संधिवाताच्या रुग्णांना ते सर्रास दिले जाते, आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. सोबत बहुधा फोलिक अॅसिड असते. दोन्ही गोळ्या लहान, पुष्कळदा दोन्ही पिवळ्या. चिठ्ठीवर डॉक्टरने इंग्रजीत, घाईच्या अक्षरात 'आठवड्यातून एकदा' लिहिलेले असते. काउंटरवरचा मुलगा सवयीने स्ट्रिप कापतो, कागदी पाकिटात टाकतो, बॉलपेनने पाकिटावर 'सकाळी १' लिहितो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. आजीबाई ती गोळी रोज घेऊ लागतात. काही दिवसांत तोंडात फोड येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात, ताप चढतो. या चुकीने माणसे दगावल्याचे जगभर नोंदलेले आहे. शिकलेला फार्मासिस्ट काय करतो? तो पाकिटावर वार लिहितो. 'आजी, फक्त रविवारी' असे म्हणतो आणि त्यांच्याकडून ते परत म्हणवून घेतो. जेमतेम अर्धे मिनिट लागते. कायद्याने राखून ठेवलेले काम ते हेच.

याच हिशेबाने बाकीचेही बघा. 'घसा दुखतोय, दोन गोळ्या द्या' म्हटले की अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या सुट्या मिळतात, चिठ्ठी कुणी मागत नाही. २०१४ च्या मार्चपासून लागू झालेल्या अनुसूची एच-१ मध्ये वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधे आणि झोपेच्या काही गोळ्या आहेत. या प्रत्येक विक्रीची नोंद वेगळ्या वहीत करायची: डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध, किती दिले. वही तीन वर्षे जपायची. काही दुकानांत ही वही असते आणि ती इन्स्पेक्टर येणार अशी कुणकुण लागली की आदल्या रात्री एका बैठकीत, एकाच पेनाने भरली जाते. चिठ्ठीवरचे अनुसूची एच मधले, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारे, औषध सोडून त्याऐवजी दुसरे देऊ नये, असेही नियम सांगतो. काउंटरवर मात्र 'ते नाही, पण हे सेम आहे' हे पालुपद दिवसभर चालू असते. सेम आहे हे ठरवले कुणी? ज्यात मार्जिन जास्त ते सेम, असा एकूण खाक्या.

मालकांचे म्हणणे आम्ही रोज ऐकतो. फार्मासिस्ट मिळत नाहीत, मिळाले तर पगार परवडत नाही. पहिली तक्रार खोटी आहे. या राज्यात डी. फार्म. आणि बी. फार्म.ची कॉलेजे तालुक्या-तालुक्याला झाली, पोरे पदव्या घेऊन मिळेल ते काम करत फिरताहेत. दुसरी अर्धी खरी आहे. सकाळी नऊ ते रात्री अकरा दुकान उघडे ठेवायचे तर एकाने भागत नाही, दोघे लागतात. पण मग दुकान कमी वेळ उघडे ठेवा, नाहीतर दुसरा माणूस ठेवा. एसटीच्या ड्रायव्हरने लायसन्स डेपोत टांगून घरी बसावे आणि पगार परवडत नाही म्हणून गाडी क्लीनरने हाणावी, हे आपण चालवून घेऊ का? सरकार ज्या औषधांची कमाल किंमत ठरवते, त्या किमतीत किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के मार्जिन धरलेले असते. ते तुम्हीच भरता. त्यात फार्मासिस्टच्या ज्ञानाचे पैसे आले नाहीत तर ते १६ टक्के नुसत्या कपाटाचे भाडे म्हणायचे.

ऑनलाइन औषधविक्रीच्या विरोधात १४ ऑक्टोबर २०१५ ला आणि पुन्हा २८ सप्टेंबर २०१८ ला देशभरातल्या केमिस्टांनी बंद पाळला. मुद्दा काय होता? फार्मासिस्टच्या नजरेखालून न जाता औषध घरपोच गेले तर रुग्णाच्या जिवाला धोका आहे. मुद्दा शंभर टक्के बरोबर. केंद्राने २०१८ मध्ये ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा काढला आणि पुढे घोंगडे भिजत ठेवले, हाही संताप रास्त. पण ज्याच्या स्वतःच्या काउंटरवर फार्मासिस्ट नाही, त्याने कोणत्या तोंडाने हे बोलावे?

आता सरकारकडे वळू. प्रत्येक औषध दुकानाची वर्षातून किमान एकदा तपासणी करणे औषध निरीक्षकाला नियमाने बंधनकारक आहे. २००३ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर समितीने सांगितले की दर २०० विक्री दुकानांमागे एक निरीक्षक हवा. त्याला वीस वर्षे उलटून गेली. तुमच्या जिल्ह्यात दुकाने किती आणि निरीक्षक किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा आणि भागाकार स्वतःच करा. पूर्वी दर पाच वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण व्हायचे, निदान तेव्हा तरी कुणी फाइल उघडायचे. २०१७ पासून परवाना कायमचा झाला. दर पाच वर्षांनी शुल्क भरले की तो जिवंत राहतो.

एवढे करून एखाद्या निरीक्षकाच्या अहवालावरून परवाना निलंबित झालाच, तर त्यावर अपील राज्य सरकारकडे जाते, म्हणजे मंत्र्यांच्या टेबलावर. तिथे स्थगिती मिळाली की दुसऱ्या दिवशी शटर पुन्हा वर. २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे (एफडीए) आयुक्त महेश झगडे यांनी 'फार्मासिस्ट नसेल तेव्हा औषधविक्री नाही' हा जुनाच नियम खरा करून दाखवला, तेव्हा मोर्चे निघाले, बंद पुकारले गेले. आयुक्त बदलले. नियम होता तिथेच आहे, अंमल मात्र सैल झाला.

या खात्याच्या ढिलाईची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलने १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने पुरवठादारापासून एफडीएपर्यंत आणि रुग्णालयापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांची लक्तरे वेशीवर टांगली. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना जावे लागले. तो अहवाल आजही वाचण्यासारखा आहे, विशेषतः ज्यांच्याकडे अपिलाच्या फाइली येतात त्यांनी.

आणि सर्टिफिकेट भाड्याने देणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनो, दोन शब्द तुम्हालाही. चुकीच्या औषधाने उद्या कुणी दगावले तर चौकशीत नाव निघेल ते तुमचे. भाडे घेतलेत म्हणजे जबाबदारीही घेतलीत. काउंटरवरच्या पगारासाठी भांडायचे असेल तर आम्ही तुमच्या बरोबर आहोत. पण तुमचे एक प्रमाणपत्र भाड्याने गेले की एका खऱ्या फार्मासिस्टची नोकरी जाते.

एफडीए दुकानाचा परवाना बघते, फार्मसी कौन्सिल फार्मासिस्टची नोंदणी बघते, आणि तक्रार घेऊन जाणाऱ्याला एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आमची मागणी अशी की निलंबनाचा प्रत्येक आदेश कौन्सिलकडे आपोआप जावा आणि भाड्याने दिलेल्या प्रमाणपत्राची नोंदणी रद्द व्हावी. निरीक्षकांची रिकामी पदे भरावीत. मंत्र्यांनी दिलेली प्रत्येक स्थगिती कारणासह जाहीर व्हावी. प्रत्येक दुकानाबाहेर फार्मासिस्टचे नाव आणि त्याच्या हजेरीची वेळ मोठ्या अक्षरात लावावी.

तोवर तुम्ही एवढे करा. बिल घ्याच, त्यावर औषधाचे नाव, बॅच नंबर आणि फार्मासिस्टची सही आहे का बघा. 'फार्मासिस्ट कोण?' असे मोठ्याने, रांगेतल्या बाकीच्यांना ऐकू जाईल असे विचारा. 'बाहेर गेलेत' असे उत्तर दोनदा मिळाले, तर दुकानाचे नाव, तारीख आणि वेळ लिहून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

आपले,
काही नोंदणीकृत फार्मासिस्ट